टॅब साठलेत: मेमरी सेव्हर, ग्रुप, वनटॅब की बुकमार्क?

क्रोममध्ये पन्नास-साठ टॅब उघडे राहिले की दोन तक्रारी येतात: लॅपटॉप रडतखडत चालतो आणि हवा तो टॅब सापडत नाही. दोन्हींवर औषध एकच नाही. आधी शिफ्ट + एस्केप दाबून क्रोमचा टास्क मॅनेजर उघडा. मेमरीच्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की सर्वांत खादाड टॅब वर येतात.

रॅम 4 किंवा 8 जीबी असेल आणि आकडे मोठे दिसत असतील, तर मेमरी सेव्हर. सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्स या भागात तो मिळतो. बराच वेळ न बघितलेला टॅब तो मेमरीतून काढतो. टॅब पट्टीवर तसाच दिसतो, क्लिक केल्यावर पान नव्याने लोड होतं. गोम इथेच आहे: नेट गेलेलं असेल तर पान येतच नाही. अर्धवट भरलेला फॉर्म, चालू आवाज किंवा डाउनलोड असलेला टॅब क्रोम सहसा झोपवत नाही. तरी परीक्षेचा अर्ज किंवा ऑफिसचं पोर्टल नशिबावर सोडू नये. ती साइट सेटिंग्जच्या परफॉर्मन्स भागातच 'कायम चालू ठेवा' या यादीत टाकावी. पट्टीवरची गर्दी मात्र यामुळे एका टॅबानेही कमी होत नाही.

गर्दीचाच त्रास असेल तर टॅब ग्रुप. टॅबवर राइट क्लिक, नवा ग्रुप, नाव, रंग. नावावर क्लिक केलं की अख्खा ग्रुप मिटतो. पण मिटला म्हणजे मेमरी मोकळी झाली असं धरू नका. एखादाच टॅब शोधायचा तर ग्रुपही नको. कंट्रोल + शिफ्ट + ए दाबून शीर्षकातला शब्द टाइप करा. फायरफॉक्समध्ये ग्रुप 2025 पासून आहेत.

वनटॅब हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वेगळं जोडायचं छोटं साधन, एका क्लिकमध्ये विंडोतले टॅब बंद करून त्यांची यादी बनवतं, त्यामुळे मेमरी आणि गर्दी दोन्ही सुटतात. मात्र यादी त्याच ब्राउझरमध्ये असते. एक्स्टेन्शन काढलं की तीही जाते. अधूनमधून एक्स्पोर्ट करून फाइल जपणार असाल तरच वापरा. शिवाय यादीतली लिंक उघडली की ती यादीतून निघून जाते. ठेवायची असेल तर कंट्रोल दाबून क्लिक करावं.

सहा महिन्यांनीही लागणारी पानं असतील तर आम्ही थेट कंट्रोल + शिफ्ट + डी सुचवू: सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये जातात. फोल्डरच्या नावात विषय आणि महिना लिहा, आणि विंडो बंद करा.