लुक्लाचं विमान : खिडकीला तीन तारे, कुंपणाला पाच

नेपाळात एव्हरेस्टच्या ट्रेकला जिथून सुरुवात करतात त्या लुक्लाला काठमांडूहून जाताना विमानातून फोटो काढायचे, या एकाच हेतूने हा प्रवास कसा आहे ते लिहितेय. ट्रेकची माहिती इथे सापडणार नाही. मी लग्नांचे फोटो काढते. मंगलाष्टकं संपली की अक्षता परत पडत नाहीत, हे अंगवळणी पडलंय. लुक्लाचं लँडिंगही त्याच जातीचं.

बोर्डिंग पासवर सीट नंबर नसतो. आधी चढेल त्याची खिडकी. टर्मिनलपासून विमानापर्यंत बसने नेतात, तेव्हा बसच्या दाराला चिकटून उभं राहायचं आणि लाज बाळगायची नाही. जाताना डावी बाजू धरा, हिमशिखरं उत्तरेला असतात. ट्विन ऑटर हे छोटं विमान असेल तर डावीकडे एकेकच सीट, म्हणजे खिडकी नक्की. पण तिच्या पंखापासून खाली येणारी तिरकी दांडी मधल्या खिडक्यांतली फ्रेम कापते, आणि मागच्या खिडक्यांतून इंजिनाच्या गरम झोतामुळे डोंगर थरथरताना दिसतात. पुढची सीट मिळाली तर इंजिनाचा फिरता पंखा (प्रोपेलर) फ्रेममध्ये येईल, येऊ दे. डॉर्नियर हे दुसरं छोटं विमान मिळालं तर नशीब: दांडी नाही आणि दोन्ही बाजूंना एकेकच सीट.

आता तक्रार. माझ्या खिडकीवर इतके ओरखडे होते की गौरीशंकर शिखर धुक्यातून पाहिल्यासारखं आलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ऐनवेळी कुठलं विमान पुढे येईल ते आपल्या हातात नसतं. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा; खिडकीच्या प्लास्टिकमधून त्याने आकाशात इंद्रधनुषी डाग उमटतात. काळा शर्ट घाला, म्हणजे काचेत स्वतःचं प्रतिबिंब येत नाही. लेन्स काचेच्या जवळ धरा, पण टेकवू नका, नाहीतर सगळी थरथर फोटोत उतरते. शटर 1/1000 ठेवलं तर डोंगर धारदार येतात, पण पंखा बंद पडल्यासारखा दिसतो. मला डोंगर हवे होते, मी पंख्याकडे दुर्लक्ष केलं. फोनवर तर पाती विळ्यासारखी वाकलेली येतात.

हवाईसुंदरी गोळ्या आणि कानात घालायला कापूस देते. कापूस घ्याच.

काठमांडूहून हा प्रवास अर्ध्या तासाच्या आसपासचा. गर्दीच्या हंगामात मात्र बरीच उड्डाणं रामेछापच्या मंथलीहून होतात. त्यासाठी मध्यरात्रीनंतर काठमांडू सोडून चार-पाच तास गाडीत काढायचे, आणि हवेतला वेळही कमी. फोटोंसाठी काठमांडूचंच उड्डाण मिळत असेल तर ते घ्या.

कॉकपिटचं दार माझ्या उड्डाणात उघडंच होतं. दोन पायलटांच्या खांद्यांमधून समोर धावपट्टी दिसते: 527 मीटरची राखाडी पट्टी, जवळजवळ 12 टक्के चढाची, अलीकडे दरी आणि पलीकडे डोंगराची भिंत. शेवटच्या टप्प्यात विमान पुन्हा वर उचलून फेरी मारायला जागाच नाही, त्यामुळे तुम्हालाही दुसरी संधी नाही. एक्स्पोजर बाहेरच्या उजेडावर लॉक करा; कॉकपिट काळं पडलं तर पडू दे. बाजूच्या खिडकीतून मात्र लँडिंगच्या वेळी उतारावरची शेतं आणि दगडी घरं सर्रकन मागे जातात, एवढंच. तिथे फोटोपेक्षा व्हिडिओ बरा.

हे सगळं धरून खिडकीला तीन तारे. खरा फोटो उतरल्यावर मिळतो.

धावपट्टीच्या वरच्या टोकाला वळसा घालून जाणारी वाट आहे. सामान लॉजवर टाका आणि कुंपणापाशी या. विमानं दरीकडून वर चढत, म्हणजे थेट तुमच्या दिशेने उतरतात. तुमचं तोंड नैर्ऋत्येला, आणि उड्डाणं मुख्यतः सकाळचीच, त्यामुळे ऊन तुमच्या पाठीशी. भोंगा वाजतो, समोरच्या डोंगरावर एक ठिपका सरकताना दिसतो, आणि 200 एमएम लेन्समध्ये तो चढ असा दाबून येतो की विमान भिंत चढतंय असं वाटावं. 1964 साली एडमंड हिलरींच्या पुढाकाराने बांधलेली ही धावपट्टी 2001 पर्यंत कच्ची होती, तेव्हा जुन्या फोटोंतला मातीचा रंग आता शोधू नका. त्याऐवजी कुंपणाखालचं विमानांचं इवलंसं पार्किंग टिपा. पोती, खोकी, बॅगा उतरतात, नवे प्रवासी चढतात आणि काही मिनिटांत विमान पुन्हा निघतं. दुपारकडे दरीतून ढग चढले की खेळ संपला. ड्रोनचा विचारही नको.

कॅमेऱ्याची बॅगसुद्धा वजनात धरतात आणि मर्यादा हातातल्या सामानासह साधारण 15 किलोची. जड लेन्स जॅकेटच्या खिशात घाला, जॅकेट कुणी तोलत नाही. हवामानामुळे उड्डाणं रद्द होणं इथे रोजचं, म्हणून परतीला हाताशी दोन दिवस राखून ठेवा.

परतताना उजवी बाजू. ट्विन ऑटरमध्ये तिकडे जोडसीट असते, तेव्हा खिडकीकडची पटकावा. वरच्या टोकाला पायलट ब्रेक दाबून इंजिनं पूर्ण जोरात आणतो, सगळं विमान थडथडतं. व्हिडिओ त्याच वेळी सुरू करा. ब्रेक सुटल्यावर फोन शोधेपर्यंत खाली दरी आलेली असते.