जुनं डोमेन नव्यावर वळवायचंय? रजिस्ट्रारचं फॉरवर्डिंग, एचटीॲक्सेस आणि क्लाउडफ्लेअर

जुनं डॉट कॉम आहे, नवीन डॉट इन घेतलंय, आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस गुपचूप नव्यावर पोचायला हवा. काम एवढंच. ३०१ म्हणजे कायमचं वळवणं, ए रेकॉर्ड म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरवर जातं ती नोंद, नेमसर्व्हर म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड सांगणारे सर्व्हर, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. आमच्या दिवाळी अंकाच्या साइटसाठी मी हे तिन्ही प्रकारे करून पाहिलंय, शेवटी एकावर स्थिरावलो. पण तुमची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, म्हणून तिन्हींबद्दल लिहितो.

आधी आमची भानगड. जुना पत्ता वर्षानुवर्षं अंकाच्या मलपृष्ठावर छापलेला, नंतरच्या अंकांत क्यूआर कोड, आणि छापलेला अंक परत बोलावता येत नाही. त्यामुळे जुनं डोमेन सोडून देणं शक्य नाही. सोडलं तर दुसरं कुणी उचलतं आणि तिथे पत्त्यांच्या जुगाराची साइट उघडते, असं अनेकांचं झालंय. शिवाय हे डोमेन आमच्या आधीच्या कार्यकारी संपादकांच्या नावावर, त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या मोबाइलवर. त्यांना सगळे काका म्हणतात. काका पुढे येणार आहेत.

सगळ्यात सोपं म्हणजे रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन जिथे नोंदवलंय त्या कंपनीचं, फॉरवर्डिंग. डोमेनच्या पानावर जायचं, नवीन पत्ता टाकायचा, ३०१ निवडायचं, सेव्ह. वेगळे पैसे नाहीत, होस्टिंग लागत नाही. स्पेलिंगची चूक होते म्हणून घेऊन ठेवलेलं एखादं डोमेन किंवा नुसतं अडवून ठेवलेलं डॉट नेट वळवायचं असेल तर मी आजही हेच करा म्हणेन. पण ज्या डोमेनवर खरंखुरं काही होतं, लोकांनी लिंका शेअर केल्यात, तिथे दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली, पूर्ण पाथ पुढे जातो का. काही ठिकाणी स्लॅशनंतरचं सगळं गळून पडतं आणि येणारा प्रत्येक जण मुखपृष्ठावर आपटतो. कुणीतरी जुन्या अंकातली कथा व्हॉट्सॲपवर पाठवलीय, समोरचा क्लिक करतो आणि त्याला दिसते यंदाच्या अंकाची जाहिरात. तो काय कथा शोधत बसतो का, निघून जातो. गूगलही अशा सरसकट मुखपृष्ठावर वळवलेल्या पानांना सॉफ्ट ४०४ (म्हणजे पान अस्तित्वातच नाही असं) समजू शकतं, म्हणजे ३०१ लावूनही जुन्या पानांची पुण्याई वाया.

दुसरी गोष्ट एचटीटीपीएस, आणि ही जास्त फसवी. रिडायरेक्ट हे सर्व्हरने दिलेलं उत्तर असतं, पण ब्राउझर ते उत्तर ऐकायच्या आधी सर्टिफिकेट मागतो. फॉरवर्डिंगच्या सर्व्हरकडे तुमच्या जुन्या नावाचं सर्टिफिकेटच नसेल तर वळणं राहिलं बाजूला, समोर येते लाल इशारावाली पाटी नाहीतर नुसतं गोल गोल फिरत राहतं. गंमत अशी की तुम्ही स्वतः तपासायला पत्ता टाइप केलात तर बऱ्याचदा व्यवस्थित चालतं, कारण क्रोम २०२१ च्या ९० व्या आवृत्तीपासून टाइप केलेला पत्ता आधी एचटीटीपीएसवर बघतो आणि नाही जमलं तर मुकाट साध्या एचटीटीपीवर येतो. क्यूआर कोडमध्ये मात्र एचटीटीपीएस असंच लिहिलेलं असतं, तिथे ही माघार नाही. म्हणजे तुम्ही म्हणता चालतंय, वाचक म्हणतो चालत नाही, आणि दोघंही खरं बोलताय. आता बऱ्याच रजिस्ट्रारकडे सर्टिफिकेटसकट फॉरवर्डिंग मिळतं, सगळ्यांना एका माळेत ओवत नाही, फक्त तुमच्याकडे मिळतं का ते लिंकवर क्लिक करून बघा, टाइप करून नको. आणि डॉट ॲप किंवा डॉट डेव्ह असेल तर सर्टिफिकेटशिवाय सुटकाच नाही, त्या नावांना ब्राउझर एचटीटीपीएसशिवाय उघडतच नाही.

मग एचटीॲक्सेस, म्हणजे ॲपॅची या वेब सर्व्हरला सूचना देणारी फाइल. जुनं डोमेन होस्टिंगवर जोडायचं, सीपॅनेल या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून सर्टिफिकेट घ्यायचं, आणि त्या फोल्डरातल्या एचटीॲक्सेस फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या. ताकदीच्या बाबतीत याला तोड नाही, पाथ जातो, एकेक लिंक वेगळीकडे पाठवता येते, जुनं सदर नव्या विभागात टाकता येतं. फक्त मराठी साइट असेल तर थोडं जपून. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा पत्त्यात टक्क्याच्या चिन्हांसकट ९ कॅरेक्टर खाते (वर्डप्रेस स्लग, म्हणजे पत्त्यातला शीर्षकाचा भाग, २०० कॅरेक्टरला कापतं, म्हणून आपली मराठी शीर्षकं पत्त्यात २२ अक्षरांच्या आसपास मध्येच तुटलेली दिसतात, ते यामुळे). सगळ्या साइटला एकच सरसकट नियम असेल तर काही होत नाही, पण एकेका लेखाचा नवीन पत्ता हाताने लिहायला गेलात की ॲपॅची टक्क्याला परत एन्कोड करतं, तेव्हा एनई फ्लॅग लावावा लागतो, आणि टक्क्यापुढे आकडा आला तर त्याला बॅकरेफरन्स (आधी जुळलेल्या मजकुराची खूण) समजतं, तिथे आधी उलटा स्लॅश. डॉट भारत घेतलं असेल तर नियमात देवनागरी नाव लिहून उपयोग नाही, त्याचं एक्सएन आणि दोन डॅशने सुरू होणारं प्यूनिकोड रूप लिहायचं. हे सगळं जमतं, पण एक कंस चुकला की पूर्ण साइट ५०० एरर दाखवते, आणि ज्याला हे कळतं तो अंकाच्या कामात एकच माणूस असतो. शिवाय नुसतं वळवण्यासाठी होस्टिंगचे पैसे भरत राहायचे. नवीन साइट ब्लॉगरवर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवर नेली असेल तर तिथे एचटीॲक्सेस नावाचा प्रकारच नाही.

इथपर्यंत तांत्रिक बाजू, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर मी एचटीॲक्सेसवरच राहिलो असतो. निर्णय फिरला तो ॲक्सेसमुळे, म्हणजे काकांच्या ओटीपीमुळे.

रजिस्ट्रारचं लॉगिन एकच. ओटीपी काकांच्या फोनवर. नवीन होस्टिंगसाठी ए रेकॉर्ड बदलायचाय, काकांना फोन. ईमेलसाठी एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकायचाय, काकांना फोन. काका जेवायला बसलेले, चष्मा आत, मग काकू वाचून दाखवणार, "शेवटचा आकडा सहा आहे का शून्य ते कळत नाहीये". किंवा काका म्हणतात थांब व्हॉट्सॲप करतो, आणि स्क्रीनशॉट येईपर्यंत वेळ संपलेली. मग ते मुलाकडे परदेशात गेले, इथल्या सिमचं रोमिंग बंद, आणि ऐन ऑक्टोबरात, अंक छापायला गेलेला असताना, आमच्याच डोमेनला हात लावायची सोय नाही. रजिस्ट्रारच्या सपोर्टला विचारलं तर ते म्हणणार अकाउंटधारकाने विनंती करावी. बरोबरच आहे त्यांचं, पण अकाउंटधारक विमानात.

आणि याहून मला खुपायचं ते वेगळंच. काका एकदा म्हणाले, अरे यात लिहिलंय हा ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि तू मला दर वेळी तोच विचारतोस. काय उत्तर देणार? त्या एका लॉगिनने डोमेनचं कुलूप काढता येतं, ट्रान्सफरचा कोड घेता येतो, मालकाचं नाव बदलता येतं. मला हवा होता एक रेकॉर्ड बदलायचा हक्क, आणि त्यासाठी त्यांनी मला तिजोरीची किल्ली द्यायची. पुढे मी सोडलं की ती किल्ली पुढच्या मुलाला. संस्थेचं काम असं चालू नये, असं मला वाटायला लागलं.

न्यायाने सांगायचं तर मोठ्या रजिस्ट्रारकडे यावर सोय असते. गोडॅडीमध्ये डेलिगेट ॲक्सेस आहे, नेमचीपमध्ये डोमेन शेअर करता येतं, दुसऱ्याने स्वतःच्या लॉगिनने यायचं आणि नेमून दिलेलं काम करायचं. तुमचं डोमेन अशा ठिकाणी असेल तर पुढचं वाचायच्या आधी ते लावून बघा, कदाचित तेवढ्यात भागेल. आमचं डोमेन एका रिसेलरकडे, तिथे असलं काही नव्हतं.

म्हणून क्लाउडफ्लेअर, म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड सांभाळणारी आणि साइटची वाहतूक स्वतःमार्फत नेणारी सेवा. डोमेन तिथे हलवायचं नाही, नोंदणी आहे तिथेच राहते, फक्त नेमसर्व्हर बदलायचे. म्हणजे काकांकडून एक ओटीपी, निवांत वेळी. त्यानंतर सगळे रेकॉर्ड आणि रिडायरेक्ट क्लाउडफ्लेअरमध्ये, आणि तिथे ईमेलने माणसं जोडता येतात, ज्याचं त्याचं लॉगिन, ज्याचा त्याचा टू-फॅक्टर. कुणाला फक्त डीएनएसपुरता, म्हणजे रेकॉर्डपुरता हक्क, कुणाला नुसतं बघायचा. फुकटच्या प्लॅनमध्येही हे मिळतं. कुणी काय बदललं ते ऑडिट लॉगमध्ये दिसतं, त्यामुळे "मी नाही केलं" हा संवाद आमच्याकडे बंद झाला. समिती बदलली की जुनं नाव काढायचं, नवीन टाकायचं, पासवर्ड कुणाला सांगायचा प्रश्न नाही.

रिडायरेक्टचं म्हणाल तर सिंगल रिडायरेक्टचे १० नियम फुकटात मिळतात, आम्हाला त्यातला एकच पुरला. डायनॅमिक प्रकार निवडून नवीन डोमेनपुढे जुना पाथ जोडायचा, क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) राखायचा चौकोन टिक करायचा, झालं. आमच्या देवनागरी लिंका जशाच्या तशा गेल्या. जुन्या नावाचं सर्टिफिकेट ते स्वतःच काढतात, मूळ नाव आणि एका पातळीचं उपनाव, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू धरून. मागे होस्टिंगही लागत नाही, ए रेकॉर्डमध्ये १९२.०.२.१ हा नमुन्यासाठी राखून ठेवलेला पत्ता टाकायचा, तिथे कुणी राहत नाही, वाहतूक आधीच वळते. फक्त त्या रेकॉर्डपुढचं ढगाचं चिन्ह नारिंगी हवं, म्हणजे वाहतूक क्लाउडफ्लेअरमधून जाते. ढग राखाडी असेल तर रिडायरेक्ट चालतच नाही आणि तुम्ही नियमात चूक शोधत बसाल.

काटेही आहेत. नेमसर्व्हर बदलायच्या आधी सगळे रेकॉर्ड आले का ते डोळ्यांनी जुळवा. ते स्कॅन करून आणतात पण सगळं सापडेलच असं नाही, डीकेआयएमसारखं (ईमेल खरंच तुमच्याकडून आलंय हे पटवणारा रेकॉर्ड) काही सुटलं की ईमेल स्पॅममध्ये जायला लागतं आणि ते उशिरा कळतं. मेल सर्व्हरच्या नावावरचा ढग राखाडीच ठेवा. रजिस्ट्रारकडे डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर सही करायची सोय) चालू असेल तर आधी तिथला तिचा डीएस रेकॉर्ड काढा, नाहीतर डोमेन अर्ध्या जगाला दिसेनासं होतं. नवीन डोमेनही तिथेच ठेवलंत आणि एसएसएल फ्लेक्झिबलवर असलं तर होस्टिंगवाला एचटीटीपीएसकडे ढकलतो, क्लाउडफ्लेअर त्याच्याशी परत साध्या एचटीटीपीने बोलतं, आणि ब्राउझर टू मेनी रिडायरेक्ट्स म्हणून हात टेकतो. फुल स्ट्रिक्ट निवडा. आणि एवढं एका कंपनीवर सोपवायचं म्हणजे १८ नोव्हेंबर २०२५ सारखा दिवसही आला, तेव्हा क्लाउडफ्लेअर जगभर काही तास आडवं झालं, एक्स आणि चॅटजीपीटीसकट. हे कुणाला खटकत असेल तर मी वाद घालणार नाही. माझं म्हणणं एवढंच की काही तासांचा तो खोळंबा मला परवडतो, काका परदेशात असतानाचा नाही परवडत.

नूतनीकरण अजून काकांच्याच लॉगिनमधून होतं, ते क्लाउडफ्लेअरने सुटत नाही. १० वर्षांपर्यंतचं एकदम भरता येतं, जुन्या डोमेनसाठी ते मला योग्य वाटतं, आणि तेव्हाच नोंदणीचा ईमेल संस्थेचा करून घ्यावा.

कुठलाही मार्ग घेतलात तरी आधी ३०२, म्हणजे तात्पुरतं वळवणं, लावून बघा आणि मग ३०१ करा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकीचा ३०१ तुमच्याच फोनवर तुम्हाला छळत राहतो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये चेंज ऑफ ॲड्रेस करा, त्यासाठी दोन्ही डोमेनचं ओनर असावं लागतं. गूगल म्हणतं रिडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा, पण छापील अंकात पत्ता असेल तर वर्षाने काढायचा विचारही नको. सर्च कन्सोलमध्येच अजून एक बघून घ्या: पूर्वी कुणी टीएक्सटी रेकॉर्ड टाकून ओनर झाला असेल तर तो रेकॉर्ड डीएनएसमध्ये आहे तोवर त्याचा हक्क शाबूत राहतो. आमच्याकडे कधीच्या काळी साइट बनवून दिलेल्या डिझायनरचा रेकॉर्ड तसाच होता.

क्लाउडफ्लेअरमध्ये सुपर ॲडमिन निदान दोन ठेवा, एक तांत्रिक माणूस आणि एक जो संस्थेत टिकून राहणार आहे. आमच्याकडे दुसरं नाव काकूंचंच आहे. टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड त्यांनी प्रिंट काढून अंकाच्या जमाखर्चाच्या फायलीत लावलेत.