खाऱ्या वाऱ्यात पहिला वॉटर लूप: २४० एमएमच्या स्टार्टर किटचा रिव्ह्यू

कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाणी फिरवून थंड ठेवणारा कस्टम लूप (सुटे भाग जोडून केलेलं पाण्याचं चक्र) पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी मऊ ट्यूबचे जे किट मिळतात, त्यांचा ठरलेला ऐवज असा: पाण्याची उष्णता हवेत सोडणारा २४० एमएमचा (१२०च्या दोन पंख्यांचा) रेडिएटर, डी५ जातीचा पंप आणि रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी) एकत्र, प्रोसेसरवर बसणारा निकेल चढवलेला तांब्याचा सीपीयू ब्लॉक, ट्यूब आवळून धरणाऱ्या सहा कॉम्प्रेशन फिटिंग, दोन मीटर १०/१३ची (आतून १०, बाहेरून १३ एमएम) ट्यूब, दोन पंखे, लूपमध्ये भरायचं एक लिटर कूलंट. पंप आणि ब्लॉक यांना पूर्ण मार्क. पण रत्नागिरी-मालवणच्या हवेत वापरायचं तर बाकीच्या सामानात बरीच भर घालावी लागते.

आधी उष्णता. मे महिन्यात दुपारी घरात ३३-३४ अंश असतातच, आणि लूपमधलं पाणी खोलीपेक्षा थंड होत नाही. कितीही पैसे ओता. (म्हणून पावसाळ्यात ब्लॉकला घाम येण्याची भीतीही नको.) ढोबळ हिशेब असा, की पंखे मध्यम वेगात असतील तर रेडिएटरच्या दर १२० एमएममागे १०० वॉट उष्णता धरायची; पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश वर जाऊन थांबतं. रायझन ७ ७७०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. त्याला २४० भरपूर. खरं तर बरा एअर कूलरही त्याला पुरतो. त्याच लूपमध्ये २०० वॉटचं आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आलं की बेरीज २८८, आणि मग एकट्या २४०वर मेच्या दुपारी पाणी ४८-५० पर्यंत चढतं. डी५ची मर्यादा ६० अंश आहे, म्हणजे पंप लगेच मरणार नाही. पण पंखे सतत ओरडत राहतील. ग्राफिक्स कार्ड जोडायचंच असेल तर दुसरा २४० आत्ताच मागवा. चालू लूप उघडून नंतर घालणं म्हणजे सगळं काम पुन्हा.

कशानंतर काय जोडायचं यावर लोक फार डोकं शिणवतात. मिनिटाला चार लिटर प्रवाह धरला तर २८८ वॉटनं पाण्यात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. ट्यूब जिथून सरळ जाते तिथून न्या. नियम एकच: रिझर्व्हॉयर पंपाच्या वर आणि लगेच आधी. डी५चं बेअरिंग पाण्यावरच फिरतं, कोरडा चालवला की खराब.

रेडिएटर तांब्या-पितळेचाच हवा, खोक्यावर वाचून घ्या. स्वस्त किटमध्ये तो अॅल्युमिनियमचा असतो. त्यात पुढे तांब्याचा ब्लॉक जोडला की अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत गाळ बसतो. नव्या रेडिएटरमध्ये डाग देताना (सोल्डर करताना) लावलेला फ्लक्स उरलेला असतो. गरम पाणी अर्धं भरून खळखळून हलवा, ओता, स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. शेवटच्या दोन वेळा डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं किंवा नळाचं पाणी आत राहू देऊ नका. बॅटरीच्या दुकानातली बाटली घेतलीत तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा, आकडा शून्याच्या आसपास हवा.

पंख्यांचे स्क्रू ३० एमएमचे असतात, २५ एमएम जाडीच्या पंख्याला बरोबर. किटमधला एखादा इथल्या हवेत गंजला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ३५चा आणून पिळला, तर टोक थेट पाण्याच्या नळीत घुसतं. स्टेनलेसचे, एम३ बाय ३०, आधीच आणून ठेवा.

किटमधली पारदर्शक ट्यूब काढून टाका. उष्णतेनं तिच्यातला मऊपणा देणारा पदार्थ कूलंटमध्ये उतरतो, ट्यूब दुधाळ होते आणि ब्लॉकमध्ये चिकट थर साचतो. शिवाय १०/१३ अरुंद वळणावर मुडपते. काळी ईपीडीएम रबराची १०/१६ घ्या, आणि फिटिंगही त्याच मापाच्या, कारण १३च्या चालत नाहीत. ट्यूब काटकोनात कापा, टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, फिटिंगच्या बार्बच्या (ट्यूब चढते त्या टोकाच्या) मुळापर्यंत ढकला, मग फिटिंगची कॉलर हातानंच आवळा. पक्कड लावली की ओ-रिंग चिरते.

लीक टेस्टर, म्हणजे गळती तपासायचं साधन, किटमध्ये नाही. जी१/४ आट्यांचा (फिटिंगच्याच मापाचा), गेजवाला हातपंप वेगळा घ्या: अर्धा बार हवा भरून अर्धा तास काटा हलला नाही तर पाणी भरा. भरताना पॉवर सप्लायची वीज फक्त पंपाला. मदरबोर्ड आणि कार्डच्या वायरी काढलेल्या. सप्लाय बोर्डाशिवाय सुरू व्हावा म्हणून त्याच्या २४ पिनच्या प्लगवर जम्पर लावून पंप दहा सेकंद चालवा, बंद करा, रिझर्व्हॉयर भरा, असं बुडबुडे थांबेपर्यंत. कॅबिनेट मागेपुढे कलतं केलं की रेडिएटरमध्ये अडकलेली हवा सुटते. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू ठेवून मग चार-पाच तास नुसता पंप चालू द्या. पंपाची वीज सप्लायवरूनच घ्या आणि वेगाची वायर बोर्डावरच्या सीपीयू फॅन हेडरला (पंख्याच्या पिनांना) लावा. तिथे वेग दिसला नाही तर बहुतेक बोर्ड सुरू होताना चूक दाखवून थांबतात.

समुद्राकडच्या खिडकीजवळ कॅबिनेट नको. मिठाचा कण ओल धरतो, त्यात धूळ बसली की रेडिएटरच्या पात्यांत लगदा होतो आणि तो ब्लोअरनं निघत नाही. जाळी लावा, दोन महिन्यांनी मऊ ब्रश फिरवा.

कूलंट वर्षाला बदलायचं, मिरगाच्या आधी उरकलेलं बरं. आणि इथेच किटची खरी चूक कळते, कारण त्यात ड्रेन व्हॉल्व्ह नाही. एक टी फिटिंग आणि एक बॉल व्हॉल्व्ह, लूपच्या सगळ्यात खालच्या जागी, सुरुवातीलाच बसवा. उघडताना रिझर्व्हॉयरचं वरचं झाकण आधी सैल करा, नाहीतर धार लागतच नाही. चार थेंब येतात आणि लूप रिकामा झाला असं वाटतं.