चिपळूणचं भंगाराचं दुकान: कोळशाच्या इंजिनांचे भाग मिळतात, पण बफिंग करू देऊ नका

बाजारपुलाकडून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत हे दुकान आहे. पाटी नाही. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोळशाच्या इंजिनांचे सुटे भाग आहेत, असं पुतण्या म्हणाला म्हणून गेलो. खरं सांगायचं तर विश्वास बसला नव्हता. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ साली, आणि ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं त्याआधीच, १९९५ मध्ये थांबली. मालकांच्या वडिलांनी हा माल मुंबईच्या दारूखान्यातून, म्हणजे तिथल्या भंगाराच्या बाजारातून, लॉटमध्ये उचलला होता म्हणे. २०२१ च्या पुरात शेड बुडाली, तेव्हाचा गाळ अजून एका प्रेशर गेजच्या काचेमागे सुकून बसलाय.

माझे वडील रेल्वेच्या परळ वर्कशॉपात फिटर. इंजिन कंडम झालं की आधी पितळ, तांबं, गनमेटल (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) उतरवायचं आणि मग गॅस कटरने बॉयलरचे तुकडे, हे त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. ते तुकडे भट्टीत गेले. हातात धरता येईल असं उरलं ते या फडताळावर.

मी गनमेटलचा एक व्हॉल्व्ह घेतला. २ किलो ४०० ग्रॅम, किलोला ६०० रुपये. काटा चोख, बिलही दिलं. घरी येऊन रॉकेलच्या बोळ्याने पुसला तर फ्लँजच्या, म्हणजे जोडाच्या चकतीच्या, कडेला ठोकलेला नंबर दिसला. एकेक आकडा वेगळ्या पंचने मारलेला, ३ जरासा तिरका बसलाय. इंजिन ओव्हरहॉलला आलं की भाग सुटे करताना त्यांच्यावर इंजिनाचा नंबर मारायचे, म्हणजे ज्याचा भाग त्यालाच परत बसेल. तो ३ मारणारा हात कुणाचा होता, हे मी रात्री बराच वेळ बघत बसलो होतो.

म्हणूनच तक्रार आहे, आणि ती मनापासून आहे. शेजारचे दोन व्हॉल्व्ह बफ मारून आरशासारखे केले होते. नंबर साफ गेला. कामावरचा पोरगा म्हणाला, "काका, गिऱ्हाईक चकाकीच मागतं." मालकांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं, आधी सांगून ठेवलं तर माल आहे तसाच देतात.

पाइपाला पांढरं, कापसासारखं काही चिकटलेलं असेल तर तो पाइप घेऊ नका आणि खरवडूही नका. बॉयलरवर ॲस्बेस्टॉस गुंडाळायचे, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक.

नंबर असलेले आणखी तीन व्हॉल्व्ह शनिवारपर्यंत होते. हर्णैचे बोटवाले बुश ओतायला गनमेटल नेतात, तेव्हा जायचं तर या आठवड्यात जा. बुधवारी बंद असतं.