अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी पट्टी-सेन्सरचा पल्स ऑक्सिमीटर

मोठ्यांच्या बोटाचा चिमटा इथे निरुपयोगी. चिमुकल्या तळपायाला किंवा उजव्या मनगटाला गुंडाळायची पट्टीच हवी. दिवा आणि प्रकाश टिपणारा भाग समोरासमोर आले नाहीत तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा भरवशाचा नाही. पट्टी करकचून बांधली तर कातडीला इजा होते, म्हणून दर ३-४ तासांनी जागा बदलायची. फोटोथेरपी (काविळीवरचा प्रकाशाचा उपचार) चालू असेल तर पट्टी वरून झाकायची.

खरी परीक्षा अलार्मची. ऑक्सिजन कमी पडला की अपुऱ्या दिवसांचं बाळ मिनिट-दोन मिनिटं जोरात श्वास घेतं आणि मग मंदावतं, कधी थांबतंच. मोठ्या माणसासारखा वाढलेला श्वास ते टिकवू शकत नाही. गारठलेल्या बाळात तर सुरुवातीची वाढही दिसेनाशी होते. म्हणून 'जोरात श्वास घेतंय, म्हणजे सावरतंय' हा समज धोक्याचा.

सरासरीचा काळ, म्हणजे किती सेकंदांच्या मोजणीची सरासरी दाखवायची ते, बदलता येतो, ही या यंत्रांची जमेची बाजू. १६ सेकंदांवर ठेवला तर छोट्या घसरणी गिळल्या जातात. २-४ सेकंदांवर त्या दिसतात, पण खोटे अलार्मही वाढतात. बाळ हललं की आकड्याआधी स्क्रीनवरची नाडीची लहर पाहावी. ऑक्सिजनवरच्या बाळाला साधारण ९० ते ९५ टक्के हे लक्ष्य. वरच्या मर्यादेचा अलार्म बंद करू नये, जास्त ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला घातक.

उणीव मोठी: हे यंत्र श्वास मोजत नाही. श्वास थांबल्यावर काही सेकंदांनी आकडा पडतो. त्यामुळे छातीच्या हालचालीचा मॉनिटर सोबत हवाच.