जुन्या संग्राह्य वस्तूंची खरेदी-विक्री: नाणी, कार्ड, लेगो, रेकॉर्ड की कॅमेरे?

जुन्या सामानाच्या ढिगातून एखादी चीज स्वस्तात उचलायची आणि जो ती शोधतोय त्याला चांगल्या भावाने विकायची, हा उद्योग सुरू करू पाहणारा जवळजवळ प्रत्येकजण आधी एकच विचारतो: सगळ्यात जास्त पैसा कशात आहे? मी हा प्रश्न मागे ठेवायला सांगतो. वस्तू स्वस्त मिळते, कारण विकणाऱ्याकडे ती तपासायला वेळ नसतो, साधन नसतं किंवा माहिती नसते. त्याने टाळलेले कष्ट तुम्ही करता, त्याचाच मोबदला म्हणजे तुमचा नफा. म्हणून कोणत्या वस्तूवर कोणत्या प्रकारचे कष्ट घ्यायची तुमची तयारी आहे, हे आधी ठरवायला हवं. खालची सगळी तुलना मी याच मापाने केली आहे.

त्याआधी एक हिशेब, कारण बरेचजण इथेच फसतात. समजा, १०० ला घेतलेली वस्तू १८० ला गेली. ऑनलाइन बाजाराचं कमिशन १३ टक्के धरलं, तर २३ गेले. पॅकिंग आणि टपालखर्चाचे २५ धरा. साफसफाई, बॅटरीचे सेल, पिशव्या यांचे ७. हातात उरले २५, तेही वस्तू परत आली नाही तर. त्यात शोधाशोध, फोटो आणि पत्रव्यवहाराचा वेळ धरलेलाच नाही. त्यामुळे विक्रीच्या अंदाजित किमतीच्या निम्म्याहून जास्त देऊन घेतलेला माल बहुतेक वेळा आतबट्ट्याचा ठरतो. आणि ‘अंदाजित किंमत’ म्हणजे लोक मागतात ती नव्हे, तर माल प्रत्यक्षात गेला ती. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात. रेकॉर्डसाठी डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर आधीच्या विक्रीतला सर्वांत कमी, मधला आणि सर्वांत जास्त भाव दिसतो. लेगोच्या ठोकळ्यांसाठी ब्रिकलिंकवर मागच्या सहा महिन्यांतली विक्री दिसते. हे पाहिल्याशिवाय खिशात हात घालू नका.

नाणी: तोल सांभाळणारी, पण नवख्याला थोडंच देणारी

नाण्यांच्या बाजूने दोन मोठ्या गोष्टी आहेत. ती लहान, टिकाऊ आणि पाठवायला स्वस्त असतात. शिवाय चांदी-सोन्याच्या नाण्याला धातूच्या भावाचा आधार असतो, त्यामुळे संग्राहक मिळाला नाही तरी सगळंच पाण्यात जात नाही. अस्सलपणाची पहिली चाचणीही घरी होते. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या मॉर्गन चांदीच्या डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर आणि चांदी ९० टक्के. साधा बारीक वजनकाटा आणि मापपट्टी घेतली, तर बरीचशी नकली नाणी तिथेच पकडली जातात. नुसत्या चुंबकावर विसंबू नका, कारण तांब्या-पितळेची नक्कलही चुंबकाला चिकटत नाही.

पण इथे तुम्ही कष्ट घालणार कुठे? नाणं साफ करणं म्हणजे त्याची किंमत आपल्या हाताने घालवणं. पृष्ठभागावरची मूळ झळाळी एकदा घासली गेली की परत येत नाही, आणि जाणकाराला ते भिंगाखाली लगेच दिसतं. दर्जा ठरवण्याची १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली. पुढे १९८६-८७ पासून पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणी तपासून, दर्जा देऊन सीलबंद करू लागल्या. तेव्हापासून चांगल्या नाण्याची किंमत सगळ्यांनाच कळते. उरते फक्त बारकाव्यांची शिकार. १९५५ च्या लिंकन सेंटमध्ये काही नाण्यांवर साच्याच्या चुकीमुळे अक्षरं दुहेरी उमटली आहेत. असे फरक तोंडपाठ असणारा माणूस साध्या नाण्यांच्या डब्यातूनही कमावतो. तिथवर पोहोचायला मात्र वर्षं जातात.

पोस्टाच्या तिकिटांबद्दल थोडक्यात सांगतो: नफ्यासाठी यात पडू नका. १८४० चं ‘पेनी ब्लॅक’ हे जगातलं पहिलं टपाल तिकीट, पण ते ६ कोटींहून जास्त छापलं गेलं होतं. जुनं आहे म्हणून दुर्मीळ आहे, असं होत नाही. वारशाने आलेले अल्बम बाजारात भरपूर आहेत आणि कॅटलॉगमधली किंमत हातात क्वचितच पडते. आवड असेल तर जरूर जमवा.

कार्ड: सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात निर्दय

खेळाडूंची किंवा पोकेमॉनची कार्डं विकायला सर्वांत सोपी. पाकिटात मावतात, भाव रोज दिसतो, गिऱ्हाईक जगभर आहे. पैसा लवकर मोकळा करायचा असेल, तर यांच्याइतकं चपळ काही नाही. पण माल स्वस्तात मिळत नाही, हीच इथली अडचण आहे. विकणारा फोनवर कार्डाचा फोटो काढतो आणि त्याला भाव कळतो. त्याच्या अज्ञानावर चालणारा धंदा इथे जवळपास संपला आहे.

मग लोक ग्रेडिंगवर भिस्त ठेवतात. पीएसए ही संस्था १९९१ पासून कार्डांना १ ते १० दर्जा देते. मध्य साधलेला आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसे आहेत, या चार गोष्टी पाहिल्या जातात. एकाच कार्डाच्या ९ आणि १० दर्जातला भाव कित्येक पट वेगळा असू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांनी तो फरक सांगता येईलच असं नाही. म्हणजे फी भरायची, वाट पाहायची आणि ९ आला तर मुद्दल निघाली यात समाधान मानायचं. २०२१ साली इतकी कार्डं साचली, की पीएसएला बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. ज्यांचं भांडवल तिथे अडकलं, त्यांच्यासाठी भाव उतरत असताना विकण्याचा मार्गच उरला नाही.

आणखी एक गोष्ट नव्याने येणाऱ्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या सुरुवातीला अमेरिकेत खेळाडूंची कार्डं अमाप छापली गेली. १९९१ साली एका सुपरहिरो कॉमिकच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी लोकांनी ‘पुढे किंमत येईल’ म्हणून जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे ती किंमत आजवर आली नाही. जी वस्तू संग्रहासाठीच म्हणून विकली जाते, तिच्यापासून नवख्याने चार हात लांब राहावं. खरी टंचाई त्या वस्तूंची होते, ज्या लोकांनी वापरल्या, मोडल्या आणि फेकून दिल्या.

लेगो: नवख्यासाठी माझी पहिली पसंती

लेगोत दोन वेगवेगळे उद्योग आहेत आणि ते एकात एक करू नयेत. पहिला म्हणजे सीलबंद संच घेऊन तो बंद होईपर्यंत कपाटात ठेवणं. त्यात जोखीम कंपनीच्या हातात आहे. ताजमहालचा ५,९०० हून अधिक तुकड्यांचा संच २००८ साली आला, नंतर बंद झाला आणि त्याचा भाव खूप चढला. २०१७ मध्ये कंपनीने जवळपास तसाच संच पुन्हा बाजारात आणला, आणि चढ्या भावाने साठा करणाऱ्यांच्या अंगलट आलं.

दुसरा उद्योग मला मनापासून आवडतो: वापरलेल्या तुकड्यांचे मिश्र डबे वजनावर घ्यायचे, निवडायचे, संच पूर्ण करायचे आणि विकायचे. मुलं मोठी झालेल्या घरांना हा पसारा फक्त जायला हवा असतो. निवडायला कुणी बसत नाही; तुम्ही बसता. डब्यात आधी छोटी माणसं शोधा, कारण मोल बहुतेकदा त्यांच्यात असतं. धडाच्या बाजूला चीर आहे का, छपाई उडाली आहे का, हे पाहा. खऱ्या तुकड्याच्या वरच्या गोल उंचवट्यांवर कंपनीचं नाव उमटवलेलं असतं, त्यामुळे नकली तुकडे सहज बाजूला पडतात. तुकड्याच्या आतल्या बाजूचा क्रमांक वाचला की तो कोणकोणत्या संचांत येतो हे शोधता येतं, जोडणीची पुस्तिका बहुतेकदा कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि कमी पडलेले तुकडे ब्रिकलिंकवर सुटे विकत मिळतात.

एक बारकावा लक्षात ठेवा. २००४ च्या आसपास लेगोने करड्या रंगाची छटा बदलली. आधीची किंचित पिवळसर, नंतरची निळसर. जुन्या संचातली पोकळी नव्या करड्या तुकड्यांनी भरली, तर जाणकार गिऱ्हाईक पहिल्याच फोटोत ओळखतो. पांढरे तुकडे ऊन आणि उष्णतेने पिवळे पडतात, तेही लपवू नका.

तोटा एकच, पण मोठा आहे: वेळ. निवडण्याचं काम तासन्‌तास चालतं. ते कंटाळवाणं वाटत असेल, तर हा उद्योग तुमचा नाही.

रेकॉर्ड: कान आणि डोळा दोन्ही हवेत

एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या छपाया असतात आणि त्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. कव्हर मात्र सारखंच दिसतं. म्हणून विकणारा सगळ्यांना एकच भाव लावतो, आणि इथेच तुमची संधी आहे. तबकडी कव्हरमधून काढा, तिरपी धरा आणि लेबलाभोवतीच्या, गाणं नसलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर उजेड पडू द्या. तिथे अक्षरं आणि आकडे कोरलेले दिसतात, कधी ठशाने, कधी हाताने. हीच त्या छपाईची ओळख. ती डिस्कॉग्जवर ताडून पाहिली, की हातात काय आहे ते कळतं.

मग अवस्था. प्रचलित गोल्डमाइन पद्धतीत जवळपास नव्यासारख्या रेकॉर्डच्या तुलनेत एक पायरी खालच्या रेकॉर्डला साधारण निम्मा भाव आणि त्याखालच्या पायरीला पाव भाव धरतात. त्यामुळे दर्जा चढवून सांगण्याचा मोह फार होतो, आणि परत येणारा मालही त्यातूनच जन्मतो. केसासारखे बारीक ओरखडे दिसायला वाईट असतात, पण बहुतेकदा ऐकू येत नाहीत. उलट नखाला जाणवणारा एक छोटा उंचवटा दर फेरीला ‘टक्’ करतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या रेकॉर्डवर तो दर १.८ सेकंदांनी ऐकू येतो, आणि गिऱ्हाईकाला पुढे दुसरं काही ऐकू येत नाही. म्हणून महाग रेकॉर्ड वाजवूनच विका. धूळ काढल्याने भाव खरोखर वाढतो. नाण्याच्या अगदी उलट. मात्र ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या रेकॉर्डना अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते.

जागा भरपूर लागते, माल जड असतो, आणि पाठवताना तबकडी कव्हराबाहेर काढून शेजारी ठेवावी लागते, नाहीतर वाटेतल्या धक्क्यांनी कव्हरची शिवण फाटते.

फिल्म कॅमेरे: सगळ्यात जास्त वाव, सगळ्यात जास्त अभ्यास

‘चालतो की नाही माहीत नाही’ या पाच शब्दांनी कॅमेऱ्याचा भाव कोसळतो. ज्याला तपासता येतं, त्याच्यासाठी ही बाजारातली सर्वांत मोठी सवलत आहे. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, मागून टॉर्च लावा आणि पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती काचेवरचा लेप खाते आणि साफ करूनही डाग राहू शकतो. छिद्राच्या पात्यांवर तेल चमकतंय का पाहा. शटर एक सेकंदावर सोडा. जुनं वंगण घट्ट झालं असेल तर ते रेंगाळतं किंवा अडकतं. मागचं झाकण उघडल्यावर चिकट काळा चुरा हाताला लागला, तर ती प्रकाश रोखणारी स्पंजाची पट्टी कुजलेली आहे. हा दोष दिसतो भयंकर, पण घरी दुरुस्त होतो आणि म्हणूनच तो विकत घेण्यासारखा आहे.

असाच आणखी एक दोष: काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम हा किरणोत्सारी धातू असायचा, उदाहरणार्थ सुपर टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ ची नंतरची आवृत्ती. अशा काचा काळाच्या ओघात चहासारख्या पिवळट होतात आणि विकणारा त्या खराब समजतो. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्या की त्या बऱ्याच प्रमाणात निवळतात. विकताना काच किंचित किरणोत्सारी आहे, हे लिहायलाच हवं.

दोन ठिकाणी सावध राहा. १९९० च्या दशकातले महागडे, पूर्ण इलेक्ट्रॉनिक छोटे कॅमेरे मोहात पाडतात, पण आतलं सर्किट गेलं की सुटे भाग मिळणं अवघड. नवख्याने यांत्रिक कॅमेऱ्यांपाशीच राहावं. आणि सोनेरी, लष्करी चिन्हं कोरलेला ‘लायका’ हा महागडा जर्मन कॅमेरा स्वस्तात दिसला, तर तो बहुधा सोव्हिएत फेड किंवा झोर्की कॅमेऱ्याला नवा मुलामा चढवून बनवलेला असतो. असे कॅमेरे बाजारात भरपूर आहेत.

तुमच्यासाठी कोणतं?

भांडवल कमी आणि वेळ हाताशी असेल, तर लेगो. घरात जागा आणि संगीताचा कान असेल, तर रेकॉर्ड. पेचकस हातात धरायला भीती वाटत नसेल, तर कॅमेरे. पहिले काही महिने कमाई कमी आणि शिक्षण जास्त होईल, पण एकदा हात बसला की स्पर्धा विरळ आहे. जागा अजिबात नसेल आणि सावकाश शिकायची तयारी असेल, तर नाणी. कार्डं मी कुणालाही पहिला उद्योग म्हणून सुचवणार नाही.

काहीही निवडा, घेताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येईल. वयस्कर माणूस आपल्या जोडीदाराचा संग्रह मातीमोल भावाने विकायला काढतो आणि त्यातल्या एका वस्तूची किंमत तुम्हाला दिसते. कष्टाचा मोबदला घेणं वेगळं आणि दुःखात असलेल्या माणसाचं अज्ञान लुटणं वेगळं. अशा वेळी ती वस्तू काय आहे ते मी सांगतो आणि कमिशनवर विकून देण्याचा पर्याय पुढे ठेवतो. एका व्यवहारात कमी मिळतं, पण अशा घरांतून पुढे शेजारी-नातेवाइकांचे संग्रह आपणहून येतात, आणि चांगला माल सतत मिळत राहणं हीच या उद्योगातली सर्वांत अवघड बाजू आहे.