गोव्यातले रूलेट ‘सेट’ असते का? वर्षभर खेळल्यानंतरचा हिशेब

हा अनुभव लिहिण्याचे तात्कालिक कारण सात हजार रुपयांचे आहे. गोव्यातील एका पंचतारांकित हॉटेलच्या कॅसिनोत स्वयंचलित रूलेट आहे. चाक काचेच्या घुमटाखाली फिरते, चेंडू हवेच्या झोताने सुटतो आणि भोवतीच्या टर्मिनलवर बोट टेकवून आपण पैसे लावायचे असतात. मी २९ या एकाच आकड्यावर दोनशे रुपये लावले, स्क्रीनवर चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची चकती, उमटली, लगेच स्क्रीन हँग झाली आणि चेंडू नेमका २९ मध्ये जाऊन बसला. पस्तीसपटीने सात हजार झाले असते. स्क्रीन पुन्हा सुरू झाली तेव्हा चिप गायब होती आणि शिल्लक जशीच्या तशी होती. मजल्यावरच्या मुलाने शांतपणे सांगितले, “काका, तुमची बेट, म्हणजे लावलेली रक्कम, मशीनने घेतलीच नाही.”

शेजारच्या टर्मिनलवरील गृहस्थांनी तत्काळ निकाल दिला की सगळे ‘सेट’ आहे, म्हणजे कोणता आकडा पाडायचा हे आधीच ठरवलेले असते, आणि त्या क्षणी मलाही दुसरे काही सुचत नव्हते. मात्र हिशेबतपासणीत आयुष्य गेल्यामुळे नोंद पाहिल्याशिवाय उठायचे नाही, ही सवय आहे. बऱ्याच हुज्जतीनंतर मॅनेजरने किल्ली लावून यंत्रातील मागील फेऱ्यांची नोंद उघडली. प्रत्येक फेरीची वेळ, स्वीकारलेली बेट आणि लागलेला आकडा तिच्यात होता. आधीच्या फेऱ्यांत मी हरलेले पैसे रुपयाचाही फरक न पडता दिसत होते. वादाच्या फेरीत माझ्या जागेवर काहीच नव्हते, कारण स्क्रीनवर उमटलेली चिप बेट बंद होण्याआधी मुख्य यंत्रापर्यंत पोहोचलीच नव्हती. पैसेही कापले गेले नव्हते. नोंद मला पटली आणि सात हजारांवरचा दावा मी सोडला.

यंत्राच्या कडेला चिकटवलेली बारीक अक्षरांतील सूचना मात्र मला अजूनही पटलेली नाही. बिघाड झाल्यास सर्व डाव आणि सर्व देणी रद्द समजली जातील, असा तिचा आशय आहे. वाचताना ती दोन्ही पक्षांना समान वाटते. परंतु बिघाडाच्या फेरीत जो हरतो त्याला बिघाड झाल्याचा पत्ताच लागत नाही आणि तक्रार घेऊन येतो तो फक्त जिंकलेला माणूस, त्यामुळे व्यवहारात ही सूचना जिंकणाऱ्यालाच लागू पडते. अमेरिकेतील नेवाडा राज्यात पाचशे डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचा वाद ग्राहकाशी मिटला नाही, तर कॅसिनोने तो ताबडतोब जुगारावर देखरेख करणाऱ्या गेमिंग कंट्रोल बोर्डाला कळवणे बंधनकारक आहे, आणि रक्कम कमी असली तरी चौकशी मागण्याचा हक्क ग्राहकाला सांगावा लागतो. येथे मला जेवणाचे कुपन मिळाले, त्याचीही मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चाकावर ० ते ३६ असे ३७ खण असतात आणि एका आकड्यावर जिंकल्यास ३५ पट मिळतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. जिंकणाऱ्याची स्वतःची रक्कम धरून ३६ हाती येतात, पण शक्यता मात्र ३७ मध्ये एक असते. या एका खणाच्या फरकातून कॅसिनोला लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे सुटतात. शून्ये दोन असली तर तोच वाटा ५.२६ टक्के होतो आणि लास वेगासमध्ये आलेल्या तीन शून्यांच्या चाकावर ७.६९ टक्के. तिकडच्या नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी टेबलावर बसण्याआधी शून्यांचे हिरवे खण मोजावेत, एवढे सांगून पुढे जातो. यात लपवाछपवी काही नाही. कॅसिनोचा नफा टेबलावर छापलेल्या आकड्यांतच आहे आणि तो मिळण्यासाठी चाकात काही करावे लागत नाही, उलट चाक जितके निर्दोष तितका तो नफा पक्का.

चाक खरोखर सदोष निघाले तेव्हा बुडाले ते कॅसिनो, हे इतिहासही सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातील जोसेफ जॅगर याने मोनाकोतील माँटे कार्लोच्या कॅसिनोतील चाकांवरचे आकडे नोंदवून घेतले, एका चाकाचा कल ओळखला आणि मोठी रक्कम जिंकली. १९९० च्या दशकात स्पेनच्या गोन्झालो गार्सिया-पेलायो याने माद्रिदच्या कॅसिनोत कुटुंबीयांच्या मदतीने हाच मार्ग अवलंबला. त्याच्याविरुद्धचा वाद स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. अशा प्रकारांमुळे चाके बदलत राहिली आहेत. खण उथळ झाले, चेंडू अधिक उसळतो, चाकाची पातळी वरचेवर तपासली जाते. ही तपासणी खेळाडूवरच्या प्रेमापोटी होत नाही, पण तिचा फायदा त्यालाही मिळतो.

मग इतक्या लोकांना चाक सेट असल्याची खात्री कशी वाटते? माझ्या मते याला भिंतीवरचा दिव्यांचा फलक जबाबदार आहे, आणि या फलकाविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण संपूर्ण हॉलमध्ये मला खरा राग त्याचाच आहे. मागील पंधरा-वीस फेऱ्यांचे आकडे, लाल-काळ्याची टक्केवारी (शून्य सोडून निम्मे खण लाल, निम्मे काळे असतात), वारंवार आलेले ‘हॉट’ आकडे आणि क्वचित आलेले ‘कोल्ड’ आकडे तो अखंड दाखवत असतो. त्यावरची प्रत्येक माहिती खरी असते आणि पुढच्या फेरीसाठी त्यातील एकही उपयोगाची नसते. चेंडूला मागचे काही आठवत नाही. तरीही लोक मोबाइलवर फलकाचे फोटो काढतात, त्यावर चर्चा करतात आणि लाल सहा वेळा आले म्हणून काळ्यावर दुप्पट लावतात. माँटे कार्लोत १८ ऑगस्ट १९१३ रोजी काळा रंग सलग २६ वेळा आला, तेव्हा प्रत्येक फेरीला आता तरी लाल येईल या भरवशावर लोकांनी लाल रंगावर पैसे ओतले होते. त्या काळी भिंतीवर फलकही नव्हता.

फलकाची दुसरी खोडी अशी की, निर्दोष चाकही तो संशयास्पद करून दाखवतो. ३७ खण आहेत, ३७ फेऱ्या झाल्या, म्हणजे निदान तीसेक वेगवेगळे आकडे दिसायला हवेत, अशी आपली भाबडी अपेक्षा असते. प्रत्यक्षात शुद्ध योगायोगावर चालणाऱ्या चाकावर ३७ फेऱ्यांत सरासरी तेराहून अधिक आकडे एकदाही येत नाहीत आणि काही आकडे तीन-तीनदा येतात. असा फलक पाहून शेजारचा माणूस म्हणतो, “बघा, १७ येऊच देत नाहीत.” खरे तर ३७ फेऱ्यांत सगळे आकडे एकेकदाच आले असते, तर मी पोलिसांना बोलावण्याचा विचार केला असता.

मी स्वतः वहीत आकडे टिपले. ३७० फेऱ्यांत प्रत्येक आकडा सरासरी दहा वेळा यावा, परंतु एखादा चार वेळा आणि एखादा सतरा वेळा येणे यात वावगे काहीच नाही. माझ्या वहीत साधारण तेच चित्र होते. नोंदी दहापट वाढवून ३७०० केल्या तर प्रत्येक आकड्याची सरासरी शंभर होते आणि दहा-वीसची चढउतार तेव्हाही सहज असते. आपले पैसे फक्त वसूल होण्यासाठी मात्र तो आकडा सुमारे १०३ वेळा आला तरी पुरे. म्हणजे ज्या फरकावर आपला नफा-तोटा ठरतो, तो फरक नेहमीच्या चढउतारातच बुडालेला असतो. डीलर, म्हणजे चाक फिरवणारा कॅसिनोचा कर्मचारी, असलेल्या टेबलावर तासाला पस्तीस-चाळीस फेऱ्या होतात असे धरले, तर एवढ्या नोंदीसाठी शंभर तास एकाच चाकापाशी उभे राहावे लागेल. गार्सिया-पेलायोने कुटुंबाला कामाला का लावले, ते यावरून समजते. वीस फेऱ्यांच्या फलकावरून चाकाची परीक्षा करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. माझी कॅसिनोचालकांना विनंती आहे की तो फलक बंद करावा. ती मान्य होणार नाही हेही जाणतो, कारण फलक लावणे फुकटात पडते आणि त्याच्याकडे पाहून लोक अधिक पैसे लावतात.

लाल किंवा काळ्यावर पैसे लावायचे, जिंकल्यास तेवढेच मिळतात, आणि हरल्यास पुढच्या फेरीला दुप्पट करत जायचे, या युक्तीविषयी एकच आकडेमोड देतो. पाचशेपासून सुरुवात करून सात वेळा सलग हरलो तर ६३,५०० रुपये जातात आणि हे सरासरी १०६ प्रयत्नांत एकदा घडते. उरलेल्या १०५ वेळा मिळतात ते प्रत्येकी पाचशे, म्हणजे एकूण ५२,५००. आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात तो हाच.

डीलर हाताने हवा तो आकडा पाडतो, हा दुसरा आवडता आरोप आहे. मांडवी नदीतील कॅसिनोच्या जहाजावरच्या टेबलापाशी उभे राहून मी हे लक्षपूर्वक पाहिले. डीलर चाक एका दिशेने फिरवतो, चेंडू उलट दिशेने सोडतो, आणि त्यानंतरही काही सेकंद लोक चिप्स ठेवत असतात. चेंडू कडेवरून उतरण्याच्या बेताला आला की टेबलावरून हात फिरवून “नो मोअर बेट्स” म्हटले जाते. याचा अर्थ, चेंडू हातातून सुटतो तेव्हा पैसा कोणत्या आकड्यावर किती पडणार हे डीलरलाही माहीत नसते. निष्पक्षतेच्या दृष्टीने हा या खेळाचा सर्वांत महत्त्वाचा गुण आहे. याच काही सेकंदांचा लाभ घेण्यासाठी एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी १९६१ मध्ये अंगावर लपवता येईल असा छोटा संगणक तयार केला आणि चेंडूच्या वेगावरून तो कोणत्या भागात पडेल याचा अंदाज लास वेगासमध्ये घेऊन पाहिला. त्या काही सेकंदांत झुकते माप मिळण्याची शक्यता असलीच, तर ती खेळाडूला होती. घुमटाखालच्या यंत्रातही चेंडू सुटल्यावर बेट घेतली जात होती, म्हणून त्यालाही मी या बाबतीत पूर्ण गुण देतो.

हाच निकष मोबाइलवरच्या रूलेटला लावला की चित्र पालटते. आपल्याकडे नाशिकपासून गावोगाव एजंट खेळण्यासाठी आयडी (खाते) देतो, रोख घेऊन त्यात तेवढे पॉइंट टाकतो आणि स्क्रीनवर चाकाचे चित्र फिरते. तेथे चेंडू नाही, खण नाहीत, आहे तो केवळ प्रोग्राम, आणि आकडा जाहीर करण्याआधी कोणत्या आकड्यावर किती पैसे आहेत हे त्या प्रोग्रामला ठाऊक असते. ज्यावर सर्वांत कमी पैसे तोच आकडा काढायचा, असे त्याला सांगणे फारसे कठीण नाही आणि तसे सांगितले आहे की नाही हे तपासण्याचे कोणतेही साधन खेळणाऱ्याच्या हातात नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. हे प्रकार त्याआधीही बेकायदाच चालत होते. माझ्या परिचयातील एका तरुणाने याच नादात दुचाकी विकली, त्यामुळे या प्रकाराला मी शून्य गुण देतो आणि त्यावर चर्चाही करू इच्छित नाही.

येथपर्यंतचा मजकूर मी गेल्या पावसाळ्यात लिहून ठेवला होता आणि शेवटी गोव्यातल्या रूलेटला पाचपैकी चार गुण दिले होते. ते आता मागे घेत आहे. कारण चाक नव्हे, कर आहे. कॅसिनोतील चिप्सवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागत होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हा कर जिंकण्यावर नाही, चिप्स विकत घेण्यासाठी दिलेल्या रकमेवर आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्यास त्यावर तो नव्याने बसत नाही, ही त्यातली बरी बाजू. काही ठिकाणी त्यातला भाग कॅसिनो स्वतः सोसतात. परंतु जेथे तो ग्राहकाच्या रकमेतूनच वळता होतो, तेथे दहा हजार रुपये दिल्यावर हातात ७,१४३ रुपयांच्या चिप्स येतात. उरलेले २,८५७ चाक फिरण्यापूर्वीच गेलेले असतात. चाकाच्या २.७० टक्क्यांनी एवढीच रक्कम गमावायची तर सरासरीने एक लाख पाच हजारांहून अधिक रुपयांच्या बेट लावाव्या लागतील. म्हणजे दर फेरीला पाचशे लावत साधारण साडेपाच तास खेळावे लागेल. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा प्रकार आहे.

त्याहून जाचक भाग परतीचा आहे. चिप्स न खेळता तशाच परत केल्या तरी त्यांवर भरलेला कर परत मिळत नाही, नियमातच तशी तरतूद आहे. हॉलमध्ये शिरताच ऐटीत पन्नास हजारांच्या चिप्स घ्यायच्या, दहा हजारांच्या खेळायच्या आणि उरलेल्या काउंटरवर ठेवून निघायचे, ही अनेकांची पद्धत आता फार महाग पडते. चाळीस हजारांच्या न खेळलेल्या रकमेवर अकरा हजारांहून अधिक कर भरून ते मोकळे झालेले असतात आणि बाहेर येऊन चाक सेट असल्याचे सांगतात.

२०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे, त्यामुळे काउंटरपाशी बरीचशी गर्दी महाराष्ट्र, कर्नाटक आणि गुजरातमधून आलेल्यांची असते. आपल्या राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही केला. त्यामुळे मराठी माणूस मांडवीवर जात राहणारच. जाणाऱ्याने प्रवेशाच्या पॅकेजमधील चिप्स रोख होतात की फक्त खेळता येतात हे आधी विचारावे, कर कोण भरतो याची पावती मागावी आणि चिप्स एकदम न घेता थोड्या थोड्या घ्याव्यात. काउंटरवरची मुलगी वैतागते, पण पावती देते. माझे नवे गुण असे आहेत: चाकाला साडेचार, यंत्राच्या स्क्रीनला दोन, कराच्या पावतीला अर्धा.